च्यक म्हणजे नाही

सोमवार, ३ मार्च

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको.

डहाणूत चिकूच्या वखारीमागे दोन खोल्यांचं ऑफिस आहे. बाहेर बायका फळं निवडतात, चांगली एकीकडे, डागी एकीकडे. आत आमची संस्था डाग लागलेली माणसं सांभाळते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे दर आठवड्याला जायचं, चौदा ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरं फॉर्मवर लिहायची. हे लिहिणं कार्यकर्त्यांच्या जिवावर यायचं म्हणे. म्हणून आता डबी आली आहे. काळी, तळहातावर मावेल एवढी, वर एक लाल दिवा. ती मध्ये ठेवायची आणि बोलत बसायचं. तिच्यातला एआय बोलणं ऐकतो आणि अहवाल लिहून मोकळा होतो, तोही बोर्डाच्या पेपरात शोभेल अशा मराठीत. तो तपासून ‘मान्य’ दाबायला एक माणूस पाहिजे होता. विरारला इंजिनीअरिंगची दोन वर्षं काढून परत आलेला आणि नरपडच्या वाडीत बापाची बोलणी खात बसलेला प्रितम त्यांना सापडला.

आमचे प्रमुख रामनाथ सर. एका बोटाने टाइप करतात आणि प्रत्येक अक्षरानंतर चष्मा वर करून बघतात, अक्षर पळून तर नाही ना गेलं. या, अर्धे इंजिनीअर, असं त्यांनी माझं स्वागत केलं. पहिल्या दिवशी हसावं लागतं, म्हणून हसलो.

मग निधी आली. तलासरीकडचे पाडे तिच्याकडे आहेत. मला दाखवायचं म्हणून तिने डबी माझ्या तोंडासमोर धरली आणि विचारलं, काय रे, घाबरलास का? मी नुसतं च्यक केलं. जीभ टाळूला लावून सोडायची, झालं. आमच्याकडे पोराटोरापासून सगळे करतात. च्यक म्हणजे नाही. पडद्यावर उमटलं: ‘हो, घाबरलो आहे.’

निधी अशी हसली की चिकू निवडणाऱ्या बायका दारातून वाकून बघायला लागल्या. भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा झाले होते.

बुधवार, ५ मार्च

निधीच्या स्कूटीवर मागे बसून तलासरी. वाटेत विवळवेढ्याला तिने देवळाकडे बघून एक हात हँडलवरून सोडला आणि छातीला लावला. मी दोन्ही हात जोडले. काय मागितलं ते वहीतसुद्धा लिहीत नाही.

सुकीच्या घरी गेलो. सत्तरीची असेल, एकटी, साखरेचा आजार. कुडाची भिंत, फळ्यांचं दार, आणि ती उंबऱ्यावर. शेजारच्या घरातली जिजा तिला अधूनमधून कालवण देते, बाकी कोणी नाही. निधीने डबी ठेवल्याबरोबर सुकीने ती उचलली, कानाशी हलवली आणि विचारलं, चुना हाय का यात? निधी म्हणाली, आजी, ही लिहिणारी डबी आहे. सुकी म्हणाली, चुना नाय तं डबी कशाला, आणि ठेवून दिली.

बाईंचं एवढंच भाषण. पुढे चौदा प्रश्नांत तोंडातून शब्द नाही. जेवलीस का आजी? मान हलली. औषध घेतेस का? मान. झोप लागते का? च्यक. पाणी आणायला जमतं का? च्यक. आणि प्रत्येक उत्तराआधी एवढा वेळ बसून राहायची की वाटायचं झोपली. निधी मात्र थांबते. गालावर हात ठेवून थांबते.

परत येताना तिने मला माझं खरं काम सांगितलं. डबीला मान दिसत नाही, आणि च्यक तिला खरखर वाटते, म्हणून ती सगळीकडे ‘हो’ लिहून टाकते. प्रश्न असे आहेत की हो म्हणजे सगळं बरं. तर प्रत्येक प्रश्नानंतर थांबायचं, कान देऊन ऐकायचं, च्यक आली की तिथे ‘नाही’ करायचं. एवढंच तिला येत नाही बघ, निधी म्हणाली.

म्हणजे दोन वर्षं इंजिनीअरिंग करून मी म्हाताऱ्यांच्या जिभेचे आवाज मोजायचे. वा.

बुधवार, १२ मार्च

एक शोध लावला. आवाज ऐकायच्या पानावर कोपऱ्यात एक बटण आहे, ‘शांतता वगळा’. दाबलं की मधलं सगळं रिकामं गळून पडतं. सुकीची पंचवीस मिनिटं चारवर येतात. त्यात च्यकही गळते, पण डबी ‘हो’ म्हणतेय ना, मग असेल हो. पाड्यावर म्हातारी झोपली काय आणि नाही झोपली काय, जगात कुठे भूकंप होतोय? आज दुपारपर्यंत सगळ्यांचं सगळं संपवलं. तक्त्यावर हिरवंच हिरवं. रामनाथ सरांनी मला अर्ध्यावरून पाऊण इंजिनीअर केलं.

बटणाचा आणखी एक फायदा. शांतता काढली की फक्त निधी उरते. एकामागून एक. जेवलीस का, झोप लागते का, पाय बरा आहे का, कोणाची आठवण येते का.

मी हेडफोन लावून बसतो. सरांना वाटतं पोरगा मन लावून काम करतो.

सोमवार, १७ मार्च

धुळवडीचा रंग अजून कानामागे आहे. निधीने लावला, धुणार नाही.

तिच्या प्रश्नांची एक सलग फाइल करून मोबाइलमध्ये घेतली. ‘आजी’ हा शब्द सगळीकडून कापला. संध्याकाळी नरपडला सुरूच्या बनात पडून ऐकतो. झोप लागते का? नाही लागत, निधी. कोणाची आठवण येते का? आता काय सांगू.

फक्त पहिला प्रश्न दगा देतो. ‘जेवलीस का.’ त्या ‘लीस’वर सगळी मजा उतरते, मधे म्हातारी येऊन बसते. तिच्या दुसऱ्या एका वाक्यातला ‘ला’ आणून जोडून बघितला. मशीन शिंकल्यासारखं ऐकू आलं. एवढी अक्कल आहे म्हणे त्या एआयला, आणि एका बाईच्या तोंडून एक ‘जेवलास’ काढून देता येत नाही.

मंगळवार, १८ मार्च

पेढे. निधीचं ठरलं. मुलगा वरोरचा, विपुल. त्याच्या घरचा बर्फाचा कारखाना आहे, मासळीला बर्फ पुरवतात. फोटो दाखवला. माणूस बर्फाच्या लादीसारखाच दिसतो, चौकोनी आणि घामेजलेला. रामनाथ सरांनी दोन पेढे खाऊन विचारलं, काय इंजिनीअर, तोंड का कडू? मी पेढा वखारीच्या बायकांना दिला.

निधी दोन आठवडे रजेवर. तिचे पाडे माझ्याकडे. जाताना तिने मला बाजूला घेतलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तर सुकी. सुकीच्या पायाला जखम झाली आहे, साखर आहे, चिघळायला वेळ लागणार नाही. उद्या गेलास की पहिलं पाय बघ. बरा आहे का विचार, आणि थांब. च्यक म्हणाली तर घरी यायचं नाही, सरांना फोन करून गाडी मागव आणि तिला दवाखान्यात ने. समजलं? प्रितम, समजलं ना? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी मान हलवली. तिने निदान मान तरी बघितली.

बुधवार, १९ मार्च

गेलो नाही.

विवळवेढ्यापर्यंत गेलो. देवळाकडे बघितलं आणि डोकं सणकलं. हात कोणासाठी जोडले होते मी? तिच्या म्हातारीचे पाय मी का बघायचे? विपुलला सांग, बर्फ लाव म्हणावं.

हायवेच्या कडेला भज्यांच्या टपरीवर बसलो. डबी टेबलावर ठेवली आणि मोबाइलवर निधीची फाइल लावली. डबीचा लाल दिवा लागला. माझ्या निधीने विचारायचं, डबीने ऐकायचं, आणि मध्ये कोणीच नाही. भजी संपायच्या आत अहवाल तयार. ‘लाभार्थी सुकी यांची भेट घेतली. जेवण: हो. औषध: हो. झोप: हो. पाय बरा आहे: हो.’

काय शहाणी डबी आहे! माणूस नसला तर आणखी सुबक लिहिते. मान्य.

बुधवार, २६ मार्च

आजही टपरी, आजही तीच फाइल. पण आज अहवाल वेगळा आला.

‘जेवण: नाही. झोप: नाही. औषध: नाही, आता लागत नाही.’

डबी स्वतःहून ‘नाही’ लिहीत नाही. तीन आठवड्यांत एकदाही लिहिलेलं नाही, त्यासाठीच मला ठेवलं आहे. शांतता न वगळता आवाज लावून बघितला. मागे ट्रकचे हॉर्न, कढईत भजी सोडल्याचा आवाज, मग निधी. झोप लागते का?

च्यक.

वर पत्र्याकडे बघितलं. पाल असेल. टपरीवाल्याला विचारलं, तुमच्याकडे पाली आहेत का? तो म्हणाला, साहेब, कढईत नाही पडत, तुम्ही खा.

पहिले दोन ‘नाही’ हाताने ‘हो’ केले. औषधाचं तसंच ठेवलं, ते बरं दिसतं. मान्य.

गुरुवार, २७ मार्च

रामनाथ सर खूश. सुकीबाईंना औषध आता लागत नाही, म्हणजे केवढी प्रगती! हे वाक्य ते वार्षिक अहवालात घालणार आहेत. एका बोटाने.

सगळ्या संस्थेत एक डोकं असतं तर बरं झालं असतं.

ऑफिसच्या भिंतीवर मात्र पाल आहे. चुकचुकते. मोजून पाहिलं, मी कोणाला काही विचारलं की मगच.

सोमवार, ३१ मार्च

जिजा आली. एकटी, एस.टी.ने, हातात सुकीची औषधांची पिशवी. टेबलावर ठेवली. पाकिटं न फोडलेली.

म्हणाली, सुकी गेली. शनिवारी गेली, या नाही, त्याच्या मागच्या. म्हणजे बावीस तारखेला.

रामनाथ सर म्हणाले, बाई, तुमची तारखेत गल्लत होतेय, सव्वीसला आमचा माणूस भेटून आलाय. आणि अहवाल उघडून तिला मोठ्याने वाचून दाखवला. जेवण हो. झोप हो. जिजाला वाचता येत नाही, म्हणून एकेक शब्द तोडून वाचला. जिजा सगळं ऐकून घेऊन माझ्याकडे वळली आणि विचारलं, तू कुठं बसला होतास रे पोरा? उंबऱ्याच्या आत का बाहेर?

मला सांगता आलं नाही. एवढं साधं, आत की बाहेर.

मग तीच सांगत राहिली, सरांना नाही, मला. एकोणीस तारखेच्या बुधवारी सुकी दिवसभर उंबऱ्यावर होती. पाय काळा पडला होता. जिजा म्हणाली आत चल, पड जरा, मी कोणाला तरी बोलावते. तर म्हणे च्यक. पोरगी येल, डबीवाली, ती नेईल. अंधार पडेपर्यंत हेच. दुसऱ्या दिवशी ताप चढला तो उतरला नाही. जिजा शब्द वाढवत नव्हती, रडत नव्हती, माझ्याकडे बघत होती. वखारीतल्या डागी चिकूकडे बघावं तसं.

ती गेल्यावर सरांनी केस बंद करायला घेतली. बंद होईना. शेवटच्या अहवालात बाई ठणठणीत. आधी एक शेवटची भेट नोंदवा, असं पडदा सांगतो.

भज्यांची टपरी ते सुकीचा पाडा, मोटरसायकलने वीस मिनिटं.

मंगळवार, १ एप्रिल

‘शांतता वगळा’ बटण बंद केलं आणि जुनं सगळं ऐकायला घेतलं. कोणाचंही. वरोरच्या एका आजोबांचं. भडाभडा बोलणारा माणूस. जेवलात का? हो जेवलो, बोंबलाचं कालवण होतं — आणि त्याच्या पाठीमागून, हळू, च्यक.

नरपडची आजी. तिथेही.

सगळीकडे. प्रत्येक प्रश्नाला.

दुपारी सरांनी मला समोर बसवलं, डबी मध्ये ठेवली. जबाब. खरंच गेला होतास का? मी म्हणालो हो सर, गेलो होतो, आत बसलो होतो. मोठ्याने म्हणालो. वखारीपर्यंत गेलं असेल. पडद्यावर आलं: ‘नाही.’

पुन्हा विचारलं. पुन्हा बोललो. ‘नाही.’

सरांनी आवाज लावला. त्यांचा प्रश्न स्वच्छ. त्यानंतर माझा आवाज — नाही. माझा आवाजच नाही. एकदा च्यक. ओली, म्हाताऱ्या तोंडातली.

निधी दारात उभी होती. सुकीचं कळलं म्हणून रजा मोडून आली होती. मला वाटलं ओरडेल, कानाखाली देईल. दे म्हणालो मनात. तिने दिली नाही. कीड लागलेलं फळ लोक दोन बोटांत धरतात, तशी तिने डबी उचलून माझ्या हातात दिली. म्हणाली, उद्या बुधवार आहे. शेवटची भेट तूच कर. ती बसायची तिथे बस. चौदाही प्रश्न स्वतः विचार, स्वतःच्या तोंडाने. आणि प्रत्येकानंतर थांब, ती थांबायची तेवढं.

माझं नावसुद्धा घेतलं नाही.

जाणार. ती म्हणाली म्हणून जाणार. अजूनही. माझ्याइतका गाढव —

बुधवार, २ एप्रिल

सकाळी पावणेअकरा. सुकीच्या घरात. जिजाने दार उघडून दिलं, कोंबड्यांना शिव्या घालत गेली. ऊन लख्ख. भिण्यासारखं काही नाही. तरी वही आणली, हाताला काम राहतं.

आत एक खाट, एक हंडा, कोपऱ्यात काठी. उंबऱ्याचं लाकूड मधोमध झिजलंय. तिथे बसलो. म्हणजे आत की बाहेर? दोन्ही. जिजाला आता सांगता येईल.

डबी समोर. लाल दिवा.

पहिला. जेवलीस का आजी. माझाच आवाज, फाटका. थांबलो. कोंबड्या. लांब हायवे.

च्यक.

खाटेकडून.

पाल नाही. छप्पर बघितलं, भिंती बघितल्या. पाल नाही.

दुसरा. तिसरा. थांबतोय. निधी थांबायची तसा, गालावर हात ठेवून. प्रत्येक वेळी थोडी जवळून. पाणी आणायला जमतं का — हंड्यापाशी. कोणाची आठवण येते का — हे विचारायला नको होतं, पण चौदात आहे. बराच वेळ काही नाही. मग सळसळ, मान हलल्यासारखी. मान. डबीला दिसत नाही. मला —

दिसली.

पाय बरा आहे का. विचारलं. थांबलो. हेच एक मी तेव्हा —

च्यक. माझ्या गुडघ्यापाशी. वास.

घड्याळात अकरा नऊ.

चौदा झाले. एक जादा विचारला, फॉर्ममध्ये नाही. आजी, मी जाऊ का.

च्यक.

तरी उठलो. डबी तिथेच ठेवली, दिवा चालू. बाहेर आलो. दार ओढून घेतलं. कडी घातली, हलवून बघितली. बसली नीट. दाराला पाठ लावून लिहितोय. आत कोणी नाही. मी बघितलंय आत कोणी —

बोलतंय.

निधी. निधीचा आवाज आतून, फळीमागून, कानाशी. मोबाइल माझ्या खिशात, बंद. फाइल कालच पुसली. हा तिचाच, पण जोडलेला नाही, शिंकलेला नाही, सरळ, प्रेमाने —

जेवलास का?

लास म्हणाली. लास.

थांबलीय. उत्तरासाठी. किती वेळ थांबते —

जेवलोय. सकाळी भाकरी खाऊन निघालो, आईने वाढली. हो म्हणायचं फक्त. तोंड उघडलं, हो म्हणतोय, आणि जीभ आपोआप टाळूला —